मला पीठ मळू दिलं नाही

“दरवर्षी जाऊबाईच मळतात पीठ, आज माह्याच मानेवर काऊन?” धाकटी जाऊ पुटपुटली, तर सासूबाईंनी तिला असा चिमटा काढला की बघून मलाच कळ आली. चिखलीजवळच्या शेतात आमचे नवसाचे रोडगे होते. रोडगे भाजायला गोवऱ्या पेटल्या होत्या, पाहुणे जमले होते आणि मला कुणी कशाला हात लावू देत नव्हतं. जिने कधी पाण्याचा तांब्या दिला नाही, त्या नणंदेनेही पाठीशी उशी लावली. छातीतल्या गाठीचा रिपोर्ट साधा आला, असं मला यांनी सांगितलं होतं. मी उठून निंबाखाली बसलेल्या पुरुषमंडळींकडे गेले, तर त्यांच्या पाठीमागे पोचताच ऐकू आलं. “अकोल्याच्या डॉक्टरनं ऑपरेशनची तारीख देली, मंग झालं ना,” दीर यांना सांगत होते. “वहिनीले गाठच काढाची म्हनू. छातीची पुरी बाजू काढतात, हे नाही सांगाचं.” “एकडाव मुंबईच्या डॉक्टरले दाखव बे,” मामेसासरे म्हणाले. “काढल्यावर परत लागते काय?” मला पाहताच सगळे कापसाच्या भावावर आले. यांच्या सदऱ्याची गुंडी चुकीच्या काजात होती. एरवी मी धावून नीट लावली असती. आज हात उचलला नाही. सगळ्या गोताला ठाऊक होतं, फक्त मला सोडून. “मुंबईलेच दाखवू,” मी यांना म्हणाले. “अन् पुढचं मले इचारून ठरवा. कॅन्सर मले झाला हाये.”