औषधाचा घास

टाकीतल्या लालभडक एंजल माशाच्या बुडाखाली पांढरा दोरा लोंबत होता, शिजलेल्या शेवईसारखा. खाली पडलेला एक तुकडा तेरेतियाने चिमट्याने उचलला. बुळबुळीत. "शी!" म्हणून तिने तो बादलीत झटकला. चाळीसच्या चाळीस मासे जंतांनी पोखरलेले. पोटं खपाटीला गेलेली.

तिने कोळंबीच्या खिम्यात कडू पूड कालवली. नखांत तो वास दोन दिवस बसला होता. घरी भाकरफळही धड गिळवत नव्हतं. पण औषध पोटातच जायला हवं आणि तेही सलग दहा दिवस. आज तिसरा.

"ते बाजूला ठेव," दारातून इओतेबा म्हणाला. तिच्या बहिणीचा नवरा आणि ती कामाला होती त्या, शोभेचे मासे परदेशी पाठवणाऱ्या शेडचा मालक. "दुपारच्या विमानाने जातायत सगळे."

"भावोजी, अहो, आजारी आहेत ते!"

"म्हणून तर उपाशी ठेव. पोट रिकामं असलं की दोरा दिसत नाही. होनोलुलूवाल्याला मासा लाल दिसला म्हणजे झालं."

"आणि आठ दिवसांनी मेले तर?"

"त्याच्या घरात मेले ना? मग त्याचं नशीब!" तो दात कोरत हसला.

जंतांची किळस तेरेतिया दोन दिवस सोसत आली होती, या हसण्याची सोसवेना. आणि या माणसाच्या घरी आपण रविवारी जेवायला बसतो!

माल पाठवण्याआधी मासे उपाशी ठेवतात, हे किरितिमाती बेटावरचं शेंबडं पोरही सांगेल. खाल्लेला मासा पिशवीतलं पाणी घाण करतो आणि वाटेतच मरतो. वाटेत मेलेला मासा पाठवणाऱ्याच्या माथी.

तिने वाडगं उचललं आणि सगळा खिमा टाकीत पालथा केला.

"अगं ए! डोकं फिरलं का तुझं?" इओतेबा जाळी घेऊन धावला. तोवर मासे तुटून पडले होते. कालपर्यंत थुंकून टाकणारेसुद्धा आज गिळत होते. खिमा गाळून काढायला तो जाळी फिरवत राहिला, कोपरापर्यंत भिजला, हाती काही लागेना.

"चालती हो! उद्यापासून तोंड दाखवू नकोस!"

तेरेतियाने नखं घासघासून धुतली.

"उद्या चौथा दिवस," ती म्हणाली. "सातला येते."