अडकित्त्याचा आवाज

सकाळी स्वयंपाकघरातून अडकित्त्याचा ‘कट्’ आवाज आला की मुकुंदरावांना बरं वाटायचं. पेपरातले तेला-डाळीचे भाव वाचून डोकं भणभणायचं, पण बायकोची सुपारी चालू होती, म्हणजे घरात तरी अजून जुने दिवस शिल्लक होते.

“आठवतं का गं, शरयू? पन्नास रुपयांत महिन्याचा किराणा यायचा, वर आल्यागेल्याला पानसुपारी!”

“हो ना,” ती आतून म्हणाली.

आज त्यांनाही सुपारीची लहर आली. आत जाऊन त्यांनी पानाचा डबा उघडला, तर सुपारी नव्हतीच. अडकित्त्याच्या पात्यावर पांढरी भुकटी होती आणि चुन्याच्या डबीत तिच्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांचे तुकडे होते. काही अर्धे, बरेचसे पाव.

“अगं, हे काय?”

“अशा दहा गोळ्या सव्वा महिना पुरतात. घाबरू नका, तुमची अख्खीच देते.” हसत हसत तिने चहाचा कप पुढे केला, डाव्या हाताने.

“आणि उजव्याला काय झालं?”

“हा मेला सकाळपासून उचलतच नाहीये,” ती म्हणाली. तिचं हसू एकाच बाजूला ओढलं गेलं होतं.