गरमाचं पथ्य

"याडी, विसण घालू का?" पायलनं आईला विचारलं.

बिजलीबाईनं गंजातल्या पाण्यात उजवा हात बुडवला, फिरवला आणि म्हणाली, "नोको. कोमटच हाये. गार पान्यानं सर्दी होईन लेकराले."

पाण्याची पारख करावी तर बिजलीबाईनंच. तांड्यात कुणाकडे पाळणा हलला की बाळाला न्हाऊ घालायला तिलाच बोलावणं यायचं. मग कडबा कुट्टीच्या पात्यानं तिचा उजवा तळवा फाडला. जखम भरली, पण आतली आग विझेना. पदराचा काठ लागला तरी बाई कळवळायची. पायलचे दिवस भरत आले तसा तिला एकच घोर लागला. लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, आणि नातवाला न्हाऊ घालायला आजीचा हातच चालत नाही! जगाच्या लेकरांना न्हाऊ घातलं, आणि घरच्याला नाही, हे तिच्या जिवाला सहन होणारं नव्हतं.

यवतमाळच्या एका दवाखान्यात नव्या मलमाची चाचणी चालली होती. नवऱ्याला, देवीलालला, सोबत घेऊन ती तिथं गेली. उज्ज्वला डॉक्टर बाई भली. त्यांनी नीट समजावलं. कातडीखाली नसांची टोकं असतात, त्या टोकांवर दुखणं ओळखणारी कुलपं असतात. हे मलम त्या कुलपांत जाऊन बसतं, दुखण्याला आत शिरू देत नाही. गोळ्यांसारखी गुंगी नाही, काही नाही. निघताना त्या म्हणाल्या, "एकच लक्षात ठेवा. मलम चालू आहे तोवर गरमापासून जपायचं. अगदी कडक."

बिजलीबाईनं मान हलवली. गरम म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. त्या दिवसापासून अंडं बंद, वांगं बंद, गूळ बंद. लेकीसाठी डिंकाचे लाडू वळले, पण बोटसुद्धा चाटलं नाही. जावई आला, कोंबडं कापलं, बाईनं मुकाट्यानं वरणभात खाल्ला. देवीलालला हसू आवरेना.

"डाक्टरीनबाईनं तुले पार माळकरी करून टाकलं."

"हसा तुमी," ती म्हणाली. "हात तं थंडा पडला ना माहा?"

हात खरंच थंड पडला होता. म्हणून तर आज ती पाटावर पाय पसरून बसली, बाळाला नडग्यांवर पालथं घेतलं आणि उजव्या हातात तांब्या धरला. सुखानं तिचे डोळे भरून आले होते. गंजातून वाफ किती निघतेय, ते तिनं पाहिलंच नाही. तिनं हातावर विश्वास ठेवला, जन्मभर ठेवला तसाच.

तांब्या बाळाच्या पाठीवर रिता झाला. पाणी ओघळून तिच्या पोटऱ्यांवर आलं, आणि पोटऱ्या पोळल्या तेव्हा कुठे तिला कळलं. तोवर बाळानं टाहो फोडला होता.

जळालेल्यांच्या वॉर्डाबाहेर ती भिंतीला टेकून बसली होती. आत बाळाची पट्टी बदलणं चालू होतं. पायलनं दार लावून घेतलं होतं, आईला आत येऊ नको म्हणाली होती. देवीलालनं फोन केला तशा उज्ज्वला डॉक्टर धावत आल्या.

"बाई, मी बजावलं होतं ना, गरमापासून जपायचं म्हणून?"

"जपलं ना वो. अंड्याले शिवली नाई. वांगं नाई, गूळ नाई. मंग मलम उलटलं कसं?"

 डॉक्टर तिच्याशेजारी जमिनीवरच बसल्या. तिचा उजवा हात त्यांनी हातात घेतला. तळव्यावर फोड टरारले होते.

"खाण्याचं नव्हते म्हणत मी," त्या हळूच म्हणाल्या. "चुलीचं, पाण्याचं म्हणत होते. दुखणं आणि चटका एकाच दारानं आत येतात, बाई. मलमानं ते दारच बंद केलं. मी नीट सांगायला हवं होतं."

बिजलीबाईला सगळं समजलं.  आतून बाळाचं रडणं येत होतं, मध्येच श्वास अडकायचा आणि पुन्हा सुरू व्हायचं. असं रडणं तिनं आजवर कुणाच्याच लेकराचं ऐकलं नव्हतं. तिनं कमरेची पिशवी चाचपली, मलमाची अर्धी ट्यूब काढली आणि डॉक्टरांच्या हातात कोंबली.

"हे त्याले लावा."

"नाही लावता येत, बाई. हे अजून तपासणीतच आहे."

"माह्यावर झालं ना तपासून," बिजलीबाईनं फोडांनी भरलेला तळवा त्यांच्यापुढे धरला. "पाहा, काईच नाई दुखत. लावा आता लेकराले."