कोपऱ्याखालचा पुठ्ठा

माशाची टाकी मांडून जावयाला मिळणार होती शाबासकी, शिवाय वाचणार होती दुकानाची खेप. सासूबाई गेल्यापासून सासरे बोलत ते फक्त त्यांच्या मागे उरलेल्या सोनेरी माशाशी. माशासकट त्यांना लेकीकडे आणलं, तर रिकामी टाकी स्टँडवर डुगडुगली. सासऱ्यांनी कधी नव्हे ते तोंड उघडलं, "अख्ख्या तळाखाली थर्माकोल घाला, जावईबापू. ही घालायची." "एवढ्यासाठी दुकान? पुठ्ठा आहे की!" जावयाने घडी करून तो एकाच कोपऱ्याखाली सारला. "आता हलली तर मिशी उतरवीन!" टाकी खरंच हलली नाही. तिसऱ्या दुपारी सासरे एकटे असताना भरल्या टाकीचा भार पुठ्ठ्यावर एकवटून त्याच कोपऱ्यात काच तडकली. खाली बसून त्यांनी मासा ओंजळीत घेतला, पण बादली आणायला गुडघे उठू देईनात. संध्याकाळी "नवा आणू, बाबा," म्हणणाऱ्या जावयाचे मोजे तेवढे भिजले. सासरे पुन्हा कुणाशीच कधी बोलले नाहीत.