विचारपूस

आपल्याला पुरुष आवडतात हे हिंदुरावांनी विशीत बारामतीतल्या एका डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "लग्न कर, बरा होशील." त्यानंतर हिंदुराव बबनसोबत पणदऱ्याच्या मळ्यात राहिले आणि दोघांनी प्रत्येक दुखणं अंगावरच काढलं. आता साठीत पोटात फार दुखायला लागलं म्हणून ते पुन्हा बारामतीला आले. तरुण डॉक्टरीणबाईंनी केसपेपर भरताना सहज विचारलं, "काका, जोडीदार बाई की पुरुष?" दार लावलेलं बघून ते म्हणाले, "पुरुष." "मग त्यांनाही घेऊन या. यकृताचा संसर्ग असेल तर जोडीदारालाही होतो, दोघांना तपासू." "बबन गेला, बाई. काविळीनं. दवाखान्यात चल म्हनलं, तर म्हनायचा, तितं नको ते इचारत्यात." बबन वारला तेव्हा सगळं गाव त्याच्या भावाला भेटून गेलं होतं. हिंदुरावांच्या मळ्याकडे कुणीच फिरकलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "फार वाईट झालं, काका." हिंदुरावांनी टोपी तोंडावर दाबून धरली.