काचेसारखा बर्फ

चार दिवस तळपद्यांच्या फ्रीजरमध्ये थर्माकोलच्या एका उघड्या डब्याखेरीज काहीही नव्हतं. मटार आणि खवलेलं खोबरं शेजाऱ्यांकडे आश्रयाला गेलं होतं. पाणी वरून हळूहळू गोठलं तरच बर्फ नितळ होतो, असं तळपदे बायकोला, शैलजाबाईंना, बजावत होते. "घरचा पांढरा बर्फ पाहिला की ग्लासला हात लावावासा वाटत नाही," असं त्यांचे साहेब एकदा म्हणाले होते, आणि बढत्यांची यादी याच महिन्यात निघणार होती.

रविवारी संध्याकाळी साहेब आले. तळपद्यांनी तळाचा गढूळ थर कापून टाकला. उरलेल्या लादीतून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. ती ट्रेमध्ये मिरवत ते बाहेर आले. साहेब कौतुकाने उठायला गेले आणि त्यांचा गुडघा टीपॉयच्या कोपऱ्यावर सणकून आपटला.

"आई गं!" साहेब मटकन खाली बसले.

"बर्फ द्या इकडे," शैलजाबाई म्हणाल्या.

"हा? अगं, पण हा..."

तोवर लादी टॉवेलात गुंडाळली गेली होती. बत्त्याच्या दोन घावांत तिचा चुरा झाला. शैलजाबाईंनी तो गुडघ्यावर दाबून धरला.

"सर, पाहिलात ना? अगदी काच होती," तळपदे कळवळून म्हणाले. साहेबांनी डोळे घट्ट मिटले होते.

कळ ओसरल्यावर त्यांनी ते उघडले. "वहिनी, एवढं प्रसंगावधान आमच्या ऑफिसात एकालाही नाही. तुम्हीच का येत नाही?"

शैलजाबाई हसल्या. त्यांच्याहून मोठ्याने तळपदे हसले, आणि साहेबांच्या पायाशी साचलेलं पाणी पुसायला वाकले.