मागच्या रांगेसाठी कविता

आयर्लंडमधल्या एका गावात, दलदलीत जळणाची माती कापताना, दोन हजार वर्षांपूर्वीचं प्रेत सापडलं, गळ्यात दोरीसकट. गावाने त्यावर कवितावाचन ठेवलं. सॉर्का उभी राहिली. तिच्या नवऱ्याला, फिंटनला, गावच्याच बंदूकवाल्या बंडखोरांनी इंग्रजांचा खबऱ्या ठरवून नेलं होतं. सहा वर्षांत प्रेतही मिळालं नव्हतं. दीर सूड घ्यायला निघाला होता, तिनेच अडवलं. तिने वाचलं: ‘जुन्या माणसा, तुझा मारेकरी मातीला मिळाला. माझ्या नवऱ्याचा मात्र मागच्या रांगेत चहा पितोय. मला त्याचं रक्त नको. त्याने जागा सांगावी, माझं माणूस मी रीतसर पुरेन.’ मागच्या रांगेतून दटावणी आली, ‘बाई, कविता जुन्या प्रेतावर ठरलीय. बसा खाली.’ ती बसली नाही. पहिल्या रांगेतून फिंटनची आई काठी टेकत उठली. ‘पुन्हा वाच, पोरी. मागच्यांना ऐकू आलं नसेल.’